‘स्ट्रेस प्रोफाइल’मधली कॉर्टिसॉलची तपासणी करून घ्यावी का?

रानवारा_४१
दीड वर्ष कामाचा ताण आहे. पहाटे तीनला जाग येते, जबडा आणि मान आखडते. पोटाचं तर काही खरं नाही: वर जड, आणि खाली दिवसातून चार-चारदा. लॅबच्या पॅकेजमध्ये सकाळचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) आहे. त्यातून ताण किती आहे ते कळेल का? आणि ताण डोक्याला असताना पोट का बिघडतं? अश्वगंधा सुरू केली आहे.

ग्रंथीवाला
नाही कळणार. त्यावर पैसे घालवू नका.

धोका जाणवला की सिंपथेटिक चेतातंतू काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सोडायला लावतात. छातीत धडधडतं ते त्यामुळे. दुसरी साखळी संथ आहे: मेंदूतला हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी ग्रंथी, मग मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं बाहेरचं आवरण, आणि तिथून कॉर्टिसॉल. ते शिखराला पोचायला २०-३० मिनिटं लागतात. पुढे हेच कॉर्टिसॉल मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप देतं. ताण महिनोन् महिने राहिला की हा लगाम सैल पडतो. पण तो सगळ्यांत सारखा दिसत नाही. कुणाचं कॉर्टिसॉल रात्री उतरायला हवं तेव्हा उतरत नाही, कुणाचा दिवसभराचा चढउतारच सपाट होतो, तर कुणाचं चक्क कमी भरतं. मग सकाळी आठचा एक आकडा काय सांगणार? त्यात गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वाढतो, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या, इंजेक्शन, कधी कधी गोरेपणासाठी सर्रास लावली जाणारी स्टेरॉइडची मलमंसुद्धा तो पाडतात.

ही तपासणी आहे कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त) आणि अ‍ॅडिसन (फार कमी) या आजारांसाठी. पोटावर रुंद जांभळे चट्टे, जराशा धक्क्याने काळंनिळं पडणं, उकिडवं बसल्यावर हात न टेकता उठता न येणं, ही कुशिंगची लक्षणं. तिथेही सकाळचं साधं कॉर्टिसॉल चालत नाही. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १ मिलिग्रॅम देऊन सकाळी ८ ला रक्त घेतात. निरोगी माणसात आकडा डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जातो. वजन घटणं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडणं, रक्तदाब कमी राहणं यावरून अ‍ॅडिसनची शंका घ्यावी. आणि ‘अ‍ॅड्रिनल थकल्या’ हे निदान कुणी केलं, तर मुकाट्याने दुसरा डॉक्टर गाठा.

टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी१२ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) मात्र जरूर करा. थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं असलं तरी झोप उडते, धडधडतं आणि पोट वारंवार साफ होतं.

पोटाचं म्हणाल तर, ताणात मेंदूतून जे सीआरएच (कॉर्टिसॉलची साखळी सुरू करणारं संप्रेरक) सुटतं ते जठर मंदावतं आणि मोठं आतडं पळवतं. म्हणून वर जड आणि खाली घाई, दोन्ही एकदम. शिवाय मेंदू आणि पोट जोडणाऱ्या व्हेगस नसेतले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडे जाणारे आहेत, त्यामुळे पोट बिघडलं की मनही अस्वस्थ होतं. शौचात रक्त आलं किंवा पोटासाठी रात्री झोपेतून उठावं लागलं, तर ते ताणावर ढकलू नका.

अनुलोम
श्वासाचं मी सांगते, कारण बहुतेकजण इथेच चुकतात. नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास. रोज १० मिनिटं. मनगटावर बोटं ठेवा: श्वास घेताना नाडी थोडी जलद, सोडताना संथ होते. हे संथ होणं म्हणजे व्हेगसचं काम.

चूक अशी होते की छाती फुगवून मोठमोठे श्वास घेतले जातात. मग कार्बन डायऑक्साइड घसरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास लहानच ठेवा, फक्त हळू. रात्री कपालभाती नको, ती उलट जागं करते. भ्रामरीत उच्छ्वास आपोआप लांबतो, ती चालेल.

जबड्यासाठी: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे अलगद. दर तासाला तपासा. दात झिजले असतील तर दंतवैद्याकडून रात्रीचा गार्ड करून घ्या.

मोजमाप
कॉर्टिसॉलऐवजी रक्तदाब मोजा. दंडाला लावायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. पाठ टेकून ५ मिनिटं गप्प बसा, दंड हृदयाच्या पातळीवर. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी, मध्ये एक मिनिट, असे ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर आली तर डॉक्टरांना दाखवा.

पहाटेची जाग: गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धातच जास्त असते आणि उत्तररात्री कॉर्टिसॉल चढू लागतं, त्यामुळे तीननंतर जराशा खुट्ट आवाजानेही डोळा उघडतो. संध्याकाळी घेतलेली दारू हे आणखी बिघडवते. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण ५ तास लागतात, म्हणून चहा दुपारी दोननंतर बंद.

ग्रंथीवाला
अश्वगंधेबद्दल राहिलं. तिने थायरॉइडची पातळी वाढू शकते, तेव्हा टीएसएचच्या आधी डॉक्टरांना सांगा. क्वचित यकृताला इजा होते. अंगाला खाज किंवा लघवी गडद पिवळी झाली तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करा. आणि मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.