तक्रार मालकाकडं करा

‘हॉटेलात जेवणाची तक्रार केली की जेवण वाढणाऱ्या पोराची नोकरी जाते, म्हणून गप्प बसावं’ हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हॉटेलात तांबडा रस्सा गार आला, वर चरबी गोठलेली. पोराला काही बोललो नाही, गल्ल्यावर जाऊन मालकांना वाटी दाखवली. त्यांनी आचाऱ्याला बोलावलं आणि रस्सा लगेच बदलून दिला.

फ्रिज, मिक्सरसारख्या वस्तूंची तक्रार असेल तर मात्र बिल जपून ठेवा. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तरीही नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोगाकडं, म्हणजे ग्राहक न्यायालयाकडं जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं कंपनी मुंबईची असली तरी आपल्याला कोल्हापुरातच तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची.