मशरूम शेडच्या कंट्रोलरवर पंखा ‘चालू’ दिसतो, पण तो खरोखर फिरतो आहे हे सॉफ्टवेअरने कसे ओळखावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आमच्या बचत गटाची धिंगरी मशरूमची एक बंदिस्त शेड आहे. सोयाबीनच्या भुसकटावर भरलेले ४०० बेड तिच्यात बसतात. उन्हाळ्यात बाहेर पारा चाळिशीपार गेला तरी आतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावीच लागते, म्हणून गेल्या वर्षी आम्ही एक तयार कंट्रोलर बसवून घेतला. तो तापमान व आर्द्रता मोजतो आणि त्यानुसार फॉगर, कूलिंग पॅडचा पंप व एक्झॉस्ट पंखा चालू-बंद करतो. त्याचे स्वतःचे ॲप शेडच्या वायफायपुरतेच चालते आणि मी तर लातूर शहरात राहते. म्हणून कंट्रोलरच्या आरएस-४८५ पोर्टला (दोन तारांवरून माहिती देणारी जोडणी) एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, जोडला. पायथनची स्क्रिप्ट मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या संवादपद्धतीने दर ५ सेकंदांनी सगळी स्थिती वाचते व एमक्यूटीटी या संदेशपद्धतीने त्याच पायवरील मॉस्किटो ब्रोकरकडे, म्हणजे संदेश पुढे पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पाठवते. व्हीपीएनमधून (इंटरनेटवरील खासगी जोडणीतून) माझ्या मोबाइलवरचा डॅशबोर्ड ती स्थिती दाखवतो.

मागच्या महिन्यात दोन दिवस डॅशबोर्डवर एक्झॉस्ट पंख्यासमोर हिरवा ठिपका होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये गेले, तेव्हा कोंब बोटभर लांब वाढले होते आणि टोप्या मात्र शर्टाच्या गुंडीएवढ्याच राहिल्या होत्या. कार्बन डायऑक्साइड साचला की धिंगरी अशीच देठाळते, हे आम्हाला ठाऊक आहे. पंख्याच्या जाळीला आम्ही एक लाल रिबन बांधलेली असते. ती सरळ खाली लोंबत होती. मोटार घूं घूं करीत होती, पण पट्टा पुलीवरून उतरून खाली पडला होता. कंट्रोलरच्या दृष्टीने पंखा चालूच होता, कारण त्याने रिले (पंख्याची वीज जोडणारा स्विच) ओढली होती.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. परवा दुपारी शेडची लाइट तीन तास गेली होती आणि त्या सगळ्या वेळात माझ्या मोबाइलवर ८६.२ टक्के आर्द्रता दिसत राहिली. आकडा जुना आहे हे कळायला काही खूणच नव्हती. गटातल्या पाच जणींचे पैसे आणि कष्ट या बेडमध्ये आहेत, त्यामुळे पडद्यावरच्या आकड्यावर विसंबून निर्धास्त बसण्याची आता मला भीती वाटते.

मी मॉडबसच्या फंक्शन कोड ०१ ने कॉइल (चालू-बंदच्या नोंदी) वाचते आणि ०४ ने तापमान-आर्द्रतेची रजिस्टरे (आकड्यांच्या नोंदी) वाचते. उपकरणाची प्रत्यक्ष स्थिती आणि आकड्याचा ताजेपणा या दोन्ही गोष्टी खात्रीने कळण्यासाठी मी काय बदलावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, मी जालन्याला पोल्ट्री शेडचे कंट्रोलर जोडण्याचे काम करतो. तिथेही पंखा बंद पडला की नुकसान काही मिनिटांत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फंक्शन कोड ०१ ने मिळते ती कंट्रोलरने दिलेल्या आदेशाची स्थिती असते. आदेशाचे पुढे काय झाले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी बाहेरून एखादा संपर्क कंट्रोलरच्या डिजिटल इनपुटला जोडावा लागतो आणि तो फंक्शन कोड ०२ ने वाचावा लागतो. पुस्तिकेत इनपुटचा क्रमांक १०००१ असा छापलेला असेल, तर बहुतेक लायब्ररींमध्ये त्याचा पत्ता ० द्यावा लागतो. इथे पुष्कळांची गल्लत होते.

कोणता संपर्क जोडायचा, यावर सगळे अवलंबून आहे. कॉन्टॅक्टरच्या (मोटारीची वीज जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) सहायक संपर्कावरून कॉन्टॅक्टर ओढला गेला एवढेच कळते. करंट सेन्सिंग रिलेवरून मोटार वीज घेते आहे हे कळते; मात्र तिच्यातून फक्त फेजची वायर ओवावी, कारण फेज व न्यूट्रल एकत्र ओवले तर दोन्हींचा प्रवाह एकमेकांना रद्द करतो आणि काहीच दिसत नाही. पण तुमचा तर पट्टाच उतरला होता. तेव्हा मोटार रिकामी का होईना, वीज घेतच होती. म्हणून पंख्यासाठी हवेच्या दाबातील फरकावर चालणारा डिफरन्शियल प्रेशर स्विच बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉगरच्या पंपाला पाण्याच्या लाइनवर प्रेशर स्विच चालेल. आदेश ‘चालू’ असून ३० सेकंदांत इनपुट आले नाही, तर स्क्रिप्टने ‘बिघाड’ असे वेगळेच पाठवावे. हिरवा ठिपका इनपुटवरूनच लावावा.

आता ताजेपणाचे. एमक्यूटीटीत ‘लास्ट विल’ची सोय आहे. क्लायंट (इथे तुमची स्क्रिप्ट) गप्प झाला की कीप-अलाइव्हच्या, म्हणजे संपर्कासाठी ठरवलेल्या मुदतीच्या, दीडपट वेळ थांबून, म्हणजे ६० सेकंद ठेवले असतील तर ९० सेकंदांनी, ब्रोकर त्याच्या वतीने ‘ऑफलाइन’ हा संदेश सोडतो. परंतु तुमचा ब्रोकर त्याच पायवर आहे; लाइट गेली की पायबरोबर ब्रोकरही बंद पडतो, मग तो संदेश सोडणार कोण? ब्रोकर शेडबाहेर हलवा किंवा पायला लहान यूपीएस द्या आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. शिवाय प्रत्येक संदेशात वाचनाची वेळ पाठवा आणि ती ३० सेकंदांहून जुनी झाली की डॅशबोर्डने आकडा करडा करून दाखवावा. हे मोबाइलच्या बाजूला ठरले पाहिजे, कारण मेलेले यंत्र स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

तुमच्या स्क्रिप्टचा वाचन चुकल्यानंतरचा भाग इथे टाकाल का? मला तिथे शंका आहे.

धागाकर्ती

दादा, इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमची शंका खरी ठरली. वाचन चुकले की माझी स्क्रिप्ट नोंद करून पुढे जात होती. पण व्हेरिएबलमध्ये आधीचा आकडा तसाच राहत होता आणि पुन्हा पाठवला जात होता. म्हणजे नुसती वेळ जोडली असती तरी जुना आकडा ताजाच दिसला असता. आता वाचन यशस्वी झाले तरच वेळ बदलते, आणि चुकले तर आकड्याच्या जागी रिकामे मूल्य जाते.

आज शेडमध्ये जाऊन मी एकेक वायर काढून पाहिली. आरएस-४८५ ची जोडणी काढल्यावर अर्ध्या मिनिटात आकडा करडा झाला. पण आर्द्रतेच्या सेन्सरची वायर काढली तेव्हा कंट्रोलरने कोणतीही चूक न दाखवता रजिस्टरमध्ये ८६२ (म्हणजे ८६.२ टक्के) हाच शेवटचा आकडा दहा मिनिटे धरून ठेवला. फॉगर चालू-बंद होत असताना आर्द्रता दशांशानेही हलत नाही, हे शक्य नाही. म्हणून सलग ४० वाचने तंतोतंत सारखी आली तर ‘सेन्सर तपासा’ असा इशारा मी लावला आहे. धुके दाट असताना हवा पूर्ण भरून आकडा १०० वर खिळतो, तेवढा अपवाद ठेवला आहे.

प्रेशर स्विचची नळी पंख्याच्या कोणत्या बाजूला, जाळीपासून किती अंतरावर घ्यावी? फॉगरचे पाणी तिच्यात शिरू नये म्हणून तुम्ही पोल्ट्रीत काय करता, तेही कृपया सांगावे. तोपर्यंत गटातल्या एका ताई रोज सकाळ-संध्याकाळ त्या लाल रिबनचा फोटो मला पाठवत आहेत.