६० टनांचा रणगाडा आणि गुडघाभर चिखल

पावसाळी_बेडूक

मित्राशी झालेला वाद मिटेना, म्हणून इथे विचारतोय. २०१२ च्या सुमारास इंडोनेशियाने लेपर्ड २ रणगाडे घ्यायचं ठरवलं. आधी नेदरलँड्सकडून मिळणार होते, पण तिथल्या संसदेत मानवी हक्कांवरून विरोध झाला. मग जर्मनीकडून शंभराच्या वर घेतले. मित्र म्हणतो, भातखाचरं, दलदल, जंगल आणि धो धो पाऊस असलेल्या देशाने एकेक ५५-६० टनांचं धूड घेणं ही निव्वळ मिरवायची हौस आहे. संचलनात शोभेल आणि लढाईत रुतून बसेल. मला हे पटत नाही, पण धड उत्तरही देता येत नाही. पावसाच्या मुलखात जड रणगाडा खरंच कुचकामी असतो का? १५ ते ३० टनांचा हलका घेतलेला बरा का? कुणी प्रत्यक्ष हाताळला असेल तर जरूर लिहा.

नकाशेबाज

मित्राला चहा पाजा, तो बरोबर आहे. मलायाच्या (आजचा मलेशिया) जंगलात रणगाड्यांचं काय काम, असं धरून ब्रिटिशांनी तिथे एकही ठेवला नव्हता. जपान्यांनी आणले, तेही १५ टनांचे चि-हा आणि साडेसात टनांचे हा-गो. ७ जानेवारी १९४२ च्या पहाटे ते स्लिम नदीकडच्या हमरस्त्याने घुसले आणि दुपारच्या आत दोन ब्रिगेडांची वाताहत झाली. ६० टन कशाला हवेत?

जुना_पाना

मी रणगाडे चालवले नाहीत, ओढले. सोळा वर्षं रिकव्हरीवर होतो. रुतलेला, मोडलेला, उलटलेला रणगाडा बाहेर काढायचा, हाच धंदा. युनिट आणि जागा विचारू नका.

‘जड म्हणजे रुतणार’ हे अर्धंच खरं. जमिनीला टन कळत नाहीत, दाब कळतो. ५५ टनांचा लेपर्ड आणि ४१ टनांचा रशियन टी-७२, दोघांचाही दाब चौरस सेंटिमीटरला ०.८ ते ०.९ किलो, कारण लेपर्डचे पट्टे जमिनीला जास्त टेकतात. साध्या मोटारीच्या टायरचा दाब दोनच्या आसपास असतो. पाण्यात पोहणारा १४ टनांचा पीटी-७६ अर्ध्या किलोवर येतो. चालताना एका पायावर भार आला की माणसाचाही साधारण तेवढाच.

अर्थात हा आकडा सरासरीचा. प्रत्यक्षात भार एकेका चाकाखाली गोळा होतो. शिवाय पहिला रणगाडा जातो आणि पाचवा रुततो. वरचं गवतामुळ्यांचं जाळं शाबूत आहे तोवर जमीन तोलून धरते. ते एकदा फाटलं की खाली नुसता लगदा. ड्रायव्हरांना सांगून घसा बसायचा: पुढच्याच्या चाकोरीत घालू नका, चिखलात वळू नका, गिअर बदलू नका. वळलात की बाहेरचा पट्टा जमीन खरवडतो आणि आपणच आपला खड्डा खणता.

टन कळतात ते रुतल्यावर. आमचं मोजमाप साधं होतं. चाकांपर्यंत गेला तर ओढायला त्याच्या वजनाइतका जोर लागतो, फेंडरपर्यंत (पट्ट्यांवरच्या पत्र्यापर्यंत) गेला तर दुप्पट आणि बुरुजापर्यंत गेला तर तिप्पट. म्हणजे फेंडरपर्यंत रुतलेल्या ३० टनी गाडीला ६० टनांचा जोर, ६० टनीला १२०. लेपर्डच्याच सांगाड्यावर बनलेल्या ब्युफेल रिकव्हरी गाडीची मुख्य विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) ३५ टनांची आहे. कप्प्या लावून दोर चारपदरी केला तर १४०, त्यातून घर्षण वजा करा. कसंबसं जमतं. पण ब्युफेललाही पुढचं पातं रोवायला घट्ट जमीन हवी, आणि ती मिळत असती तर पहिला रुतला असता कशाला?

एकदा भर पावसात एक पोटावर बसला. पट्टे गरागरा फिरतायत, गाडी तसूभर हलत नाही. पोरगा रेस देतोय आणि दर रेसला ती बोटभर खाली जातेय. आधी इंजिन बंद करायला लावलं. रशियन घडणीच्या रणगाड्यांच्या मागे एक ओंडका बांधलेला असतो. तो साखळीने दोन्ही पट्ट्यांना आडवा बांधला की पट्ट्यांबरोबर पोटाखाली जातो आणि त्याच्यावर चढून गाडी स्वतःच बाहेर येते. मी मागे गेलो, तर ओंडका गायब. पाहणीच्या दिवशी बरा दिसत नाही म्हणून कुणा साहेबाने काढून ठेवायला लावला होता! मग फावडी. पट्ट्यांपुढे उतार खणला आणि आडवं झोपून पोटाखालचा चिखल हाताने ओढला. आत हवा शिरत नाही तोवर चिखल सोडत नाही, ओल्या काचेला काच चिकटावी तसा धरून ठेवतो. दोर ताणायच्या आधी सगळ्यांना दोराच्या लांबीपलीकडे पिटाळलं, कारण तुटलेला पोलादी दोर माणसाचे दोन तुकडे करतो. सहा तासांनी खालून ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि गाडी वर आली. हा ४१ टनांचा होता, हे लक्षात घ्या.

आणि पूल! खरी अडचण तिथे आहे. ट्रेलरवर चढवलेला जड रणगाडा ट्रेलरसकट शंभर टनांच्या घरात जातो. नकाशात पूल दिसतात, पण मोऱ्या दिसत नाहीत, आणि रणगाडे मोऱ्यांवर फसतात.

एवढं सगळं सांगूनही मी जडच घेईन. जंगलात गाठ पडते वीस-तीस मीटरवर, आणि पहिला वार लपलेल्याचा असतो. तिथे वेग काही कामाचा नाही, कातडी जाड हवी. डिसेंबर १९४२ मध्ये न्यू गिनीत बुना इथे ऑस्ट्रेलियनांनी आधी पातळ पत्र्याच्या पाच ब्रेन कॅरियर (पट्ट्यांवरच्या छोट्या उघड्या गाड्या) पुढे घातल्या, पाचही निकामी झाल्या. नंतर त्याच बेटावर त्यांनी २७ टनांची मटिल्डा ही जाड कवचाची रणगाडी आणली. वाळवंटात ती संथ आणि कालबाह्य म्हणून बाद झाली होती. पॅसिफिकमध्ये १९४५ पर्यंत लढली, कारण जपान्यांच्या बहुतेक तोफा तिचं कवच फोडू शकत नव्हत्या.

व्हिएतनामचा हिशेब तर आणखी बोलका. ऑस्ट्रेलियाचे ५० टनी सेंच्युरियन रणगाडे तिथे साडेतीन वर्षं होते. एकूण ५८ आले. त्यातल्या ४२ जणांना मार बसला, सहा कायमचे निकामी झाले, आणि लढाईत मेलेले रणगाडेवाले फक्त दोन. त्यांनी बाजूचे संरक्षक पत्रे मात्र काढून टाकले, कारण पत्रा आणि चाकं यांच्यामध्ये चिखल आणि वेली ठासून बसायच्या. ही अक्कल कारखान्यातून येत नाही.

स्लिम नदीबद्दल म्हणाल, तर समोर एकही रणगाडा नव्हता, अडथळे धड उभे नव्हते, आणि जपानी डांबरी रस्ता सोडून कुठे गेले? तो रस्त्याचा विजय होता, हलकेपणाचा नव्हे.

पावसाळी_बेडूक

काका, दंडवत. पण दाट झाडीत आतून दिसतं तरी कसं? आता उष्णतेवरून दाखवणाऱ्या थर्मल दुर्बिणी आल्यात ना?

जुना_पाना

थर्मलला पानांआडचं दिसत नाही. त्यात पाऊस पडून गेला की झाड, माती, दगड सगळं एकाच तापमानाला येतं आणि पडद्यावर नुसती राखाडी खीर. सेंच्युरियनवाले छर्ऱ्यांचे गोळे मारून आधी झाडी उडवायचे, मग बंकर दिसायचा.

नाहीतर कमांडरने डोकं बाहेर काढायचं. १३ एप्रिल १९४४ ला इंफाळजवळ नुंगशिगुमच्या टेकडीवर ब्रिटिशांनी ली रणगाडे चढवले. इथे रणगाडा येणारच नाही, अशी जपान्यांची खात्री होती. टेकडीची धार इतकी अरुंद की ड्रायव्हरला वाट दाखवायला कमांडर झाकण उघडून उभे राहिले. टेकडी मिळाली, पण वर पोचेपर्यंत रणगाड्यांचा एकही अधिकारी धड उरला नाही. शेवटी एका सार्जंट मेजरने सूत्रं हातात घेऊन काम फत्ते केलं.

दमटपणाचं राहिलंच. भिंगांवर बुरशी चढते, डिझेलच्या टाकीत पाणी साठतं, विजेच्या जोडण्या हिरव्या पडतात. इंडोनेशियाने स्वतःसाठी करून घेतलेल्या लेपर्डमध्ये एसी बसवलाय, त्याला लोक हसले. बंद झाकणाखाली दुपारी तासभर बसून बघा म्हणावं.

नकाशेबाज

मोऱ्यांचं मान्य. पण गरीबपूर विसरू नका. नोव्हेंबर १९७१ मध्ये आपल्या ४५ कॅव्हलरीच्या पीटी-७६ नी तिथे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, पाकिस्तानच्या शॅफी रणगाड्यांचा फडशा पाडला. जड रणगाडा त्या नद्यांच्या मुलखात आला तरी असता का?

जुना_पाना

नसता आला, कबूल. पूल नसलेल्या मुलखात पोहणाराच हवा. पण शॅफीही १८ टनांची, म्हणजे जोडीला जोड होती. पीटी-७६ चं कवच जड मशिनगनच्या गोळीपुरतं. समोर रॉकेट लाँचर घेतलेला एक माणूस झाडामागे बसला की संपलं.

बेडूकराव, मित्राला एवढंच विचारा: ‘तुझ्या हलक्या रणगाड्याच्या आत तू बसशील का?’ आणि तुम्ही स्वतः शोधा की जड रणगाड्यांबरोबर रिकव्हरीच्या आणि पूल टाकायच्या गाड्या किती घेतल्या. त्या जर्मन खरेदीत अशा गाड्या होत्या. म्हणून मला ती नुसती हौस वाटत नाही.

पावसाळी_बेडूक

विचारलं. म्हणाला, बसणार नाही, पण रुतलेल्या जड रणगाड्यातही बसणार नाही. आणि पूल पेलेल की नाही हे ड्रायव्हरला कळतं कसं, असा उलट सवाल केला.

जुना_पाना

पुलाच्या तोंडाशी पिवळी गोल पाटी लावतात, त्यावर पुलाला किती भार झेपतो त्याचा काळा आकडा असतो. तसाच आकडा रणगाड्याच्या अंगावरही रंगवलेला असतो. रणगाड्याचा मोठा निघाला की खाली उतरायचं आणि काठी घेऊन नदीत उथळ जागा शोधायची. काठी बुडते तिथे मला बोलावतात.