बॅनरच्या पलीकडचं काम : मराठवाड्यातल्या डिझाइनवाल्यांचा अनुभव धागा

आपलं वर्ष कसं जातं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे. एप्रिलात जयंतीचे बॅनर, मग लग्नपत्रिका, क्लासच्या ॲडमिशनची पत्रकं, गणपती, नवरात्र, आणि बाराही महिने ‘भावी’ मंडळींचे वाढदिवस. पोट त्यावरच चालतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच कॉम्प्युटरवर आणि त्याच प्रेसवर लोकांच्या उपयोगी पडेल असं काम कसं करायचं, ते कुठं फसतं, हे लिहा. ‘मी या क्षेत्रात कसा आलो’ नको. वाचणाऱ्याला उद्या वापरता येईल असं लिहा, वर आपलं गाव टाका.

परभणी, डीटीपी आणि ऑफसेट

सुरुवात अक्षरापासून करू, कारण चांगलं काम तिथंच सांडतं. शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत लावायचा कागद आहे, वर लिहायचंय ‘आचाऱ्यांसाठी सूचना’. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त, य दाबला की रफार होतो आणि छापून येतं ‘आचार्यांसाठी सूचना’. खिचडी शिजवणारी बाई म्हणणार, हे गुरुजींचं असेल. इथं खाली नुक्ता असलेला ऱ लागतो: ऱ, हलन्त, य. ‘शेतकऱ्यांना’चंही तेच. ‘शेतकर्यांना’ छापलेलं पत्रक मोंढ्यात वाटलं की पहिली ओळ वाचूनच माणूस ओळखतो, हे आपल्याकडच्यानं लिहिलेलं नाही.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडायला लागली, जोडाक्षरं सुटी व्हायला लागली तर फॉन्टला शिव्या देऊ नका. पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा.

श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर कचरा दिसतो, म्हणून प्रेसला कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून देतात. ते बरोबरच. चूक होते ती कर्व्ह न केलेली फाइल वेगळी न ठेवण्यात. पुढच्या वर्षी हेल्पलाइनचा एक आकडा बदलायचा तर अख्खा मजकूर पुन्हा टाइप, आणि घाईत नेमका आकडाच चुकतो. युनिकोडमधला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येही ठेवा. तो व्हॉट्सॲपवर पाठवला तर अंध माणसाचा फोन वाचून दाखवतो. जेपीजीतलं अक्षर वाचेल याचा भरवसा नाही. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी मुक्त परवान्याचे आहेत, त्यामुळे संस्थेला फाइलीबरोबर फॉन्टही बिनघोर देता येतो.

लातूर

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. अशा काळात डिझाइनवाल्याला हमखास सुचतं ते म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणारा निळा थेंब आणि खाली ‘पाणी वाचवा’. घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईनं कुठलं पाणी वाचवायचं? तिला पाहिजे ते एवढंच: टँकर कोणत्या वस्तीवर, किती वाजता, नाही आला तर फोन कुणाला.

त्याचा तक्ता असा करा. रोज बदलणारं काहीच छापायचं नाही. वस्त्यांची नावं आणि रकाने छापायचे, वेळेच्या जागी रिकामे चौकोन. चौकोन दीड इंचापेक्षा लहान ठेवलात तर मार्करनं लिहिलेलं त्यात बसत नाही. कागद मॅपलिथो घ्या, म्हणजे साधा, बिनचकाकीचा. चकचकीत आर्ट पेपर दिसतो देखणा, पण त्यावर बॉलपेन घसरतं आणि दुपारच्या उन्हात त्याची अशी चमक येते की तिरकं उभं राहून वाचावं लागतं. तक्ता ग्रामपंचायतीत लावू नका. टाकीपाशी, पिठाच्या गिरणीत, किराणा दुकानाच्या दारात लावा. फोन नंबर सगळ्यात मोठा. ‘आयोजक’ आणि फोटोंची जागा मागणारे येतीलच, त्यांना खालची एक इंचाची पट्टी द्या, कारण साफ नाही म्हटलं तर तक्ता छापलाच जात नाही.

बीड

दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, परततात थेट उन्हाळ्यात. बाळाच्या लसीकरणाची आठवण देणारं कार्ड कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, तेवढे महिने टिकलं पाहिजे. सगळं घोडं इथं अडतं: पूर्ण लॅमिनेशन केलं तर नर्सताईंना पेननं तारीख लिहिता येत नाही, नाही केलं तर कार्ड घामानं आणि पाण्यानं लगदा होतं. म्हणून लॅमिनेशन फक्त बाहेरून, आतली बाजू कोरी. एकाच बाजूचं लॅमिनेशन पातळ कागदाला पापडासारखं वळवतं, त्यामुळे २५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) खाली जाऊ नका. डिजिटल प्रिंट असेल तर टोनर कागदात मुरत नाही, वर बसतो, आणि घडीवर तडकून गळतो. आधी क्रीझ (घडीची खाच) मारा, मग घडी. तरीही घडीवर आकडा येऊ देऊ नका.

सरकारी तक्त्यात ६, १० आणि १४ आठवडे असतात. बोलण्यात दीड, अडीच आणि साडेतीन महिने. कार्डावर बोलण्यातलं लिहा, शेजारी तारखेची रिकामी चौकट. नऊ महिन्यांची लस आणि पुढचा १६ ते २४ महिन्यांचा डोस ठळक करा, कारण तोवर कुटुंब भलत्याच जिल्ह्यात असतं. नंबरही तिकडे लागणारा हवा. १०८ महाराष्ट्रात चालतो आणि कर्नाटकातही. गावच्या दवाखान्याचा लँडलाइन तिथं काय कामाचा?

नांदेड, मराठी-उर्दू दोन्ही काम

आरोग्याचं पोस्टर उर्दूत करताना मजकूर बदलतात, चित्रं तशीच ठेवतात. उर्दू वाचणारी नजर उजवीकडून सुरू होते. मराठीत डावीकडे मळके हात, मधे साबण, उजवीकडे स्वच्छ हात असा क्रम असेल तर उर्दू पोस्टरवर तोच क्रम ‘स्वच्छ हात मळके करा’ असा वाचला जातो! चौकटींचा क्रम उलटा करा. चित्र मात्र आरशासारखं फिरवू नका, नाहीतर बाटलीवरचं लेबलही उलटं होतं.

उर्दूची नस्तालीक ही लिहिण्याची शैली तिरकी खाली उतरत जाते, तिला ओळींमध्ये देवनागरीपेक्षा बरीच जास्त जागा लागते. मराठीच्या चौकटीत दाबून बसवली तर नुक्ते एकमेकांवर चढतात आणि शब्द बदलतो. फोन नंबर उर्दूतही डावीकडून उजवीकडेच वाचतात. तो सलग लिहा. मधे जागा सोडली तर तुकड्यांची अदलाबदल होते आणि फोन कुणा तिसऱ्यालाच लागतो.

जालना, कृषी पत्रकं

सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण तपासण्याचं पत्रक. ‘७० टक्के उगवणक्षमता’ असं लिहू नका, ‘१०० दाण्यांपैकी ७०’ लिहा. ओल्या गोणपाटावर १० ओळी, ओळीत १० दाणे, असं चित्र मोजता येईल असं काढा. चित्रकार हौसेनं ओळीत १२ दाणे काढतो आणि मोजणारा खरोखर मोजतो! ७० उगवले तर एकरी ३० किलो, त्यापेक्षा कमी उगवले तर बियाणं वाढवा, हे एकाच नजरेत दिसलं पाहिजे. एकाच रंगात, डेमी आकाराच्या छपाई कागदाच्या आठव्या भागात सगळं बसतं. छापायची वेळ मेची. पेरणी सुरू झाल्यावर आलेलं पत्रक पुडी बांधायलाच.

छापण्याआधी पाच-सहा जणांना एकेकटं गाठून चित्र दाखवा, शीर्षक झाकून. ‘समजलं का?’ विचारलं की सगळेच हो म्हणतात. ‘यात काय चाललंय, सांगा बरं’ असं विचारा. मनगटापासून कापलेला हात, अळी दाखवायला मोठा केलेला गोल, बाण, लाल फुली: इथंच अर्थ निसटतो.

छत्रपती संभाजीनगर, साइनबोर्ड आणि भिंती

फ्लेक्सवर उन्हात आधी पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) उडतो. दोन उन्हाळ्यांनी सगळे नेते निळे दिसतात ते त्यामुळंच. लाल याच दोन रंगांतून होतो, म्हणून टिकायला हवी ती सूचना लाल अक्षरात देऊ नका, पांढऱ्यावर काळं द्या. आणि जुना फ्लेक्स जाळायचा नाही, पीव्हीसीचा धूर विषारी असतो. तो कडब्याच्या गंजीवर नाहीतर कोपीवर जातोच.

वर्षानुवर्षं लागणाऱ्या माहितीला भिंतच बरी. चुन्यावर थेट ऑइलपेंट मारला की पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. खरवडून प्राइमर मारायला लावा. खालचे दोन फूट सोडा, तिथं चिखल आणि पानाच्या पिचकाऱ्या. शक्यतो उत्तरेची भिंत. दहा फुटांवरून वाचायचं तर शिरोरेषेपासून पायापर्यंत एक इंच अक्षर, हा ठोकताळा. मात्रा-उकार त्यात धरू नका. पेंटरला मजकूर फोनवर पाठवू नका. मोठ्या अक्षरात कागदावर छापून द्या, तो दिसेल तसंच्या तसं उतरवतो, चुकीसकट.

धाराशिव

पैशाचं कुणी लिहिलं नाही. संस्थेचं काम करताना नफा सोडा, खर्च सोडू नका. फुकट कामात दुरुस्त्या संपत नाहीत आणि छपाईच्या दिवशी प्रूफ वाचायला कुणी येत नाही. दोन दुरुस्त्या ठरवून घ्या, प्रूफवर सही घ्या.

निवडणुकीच्या पत्रकांवर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं कलम १२७-क. ‘मतदान करा’ एवढंच सांगणाऱ्या पत्रकावरही नाव घालून मोकळे व्हा.

परभणी, पुन्हा

लातूरच्या तक्त्यात एक भर. मार्कर परमनंट घेतला तर पुसता येत नाही, साधा घेतला तर पहिल्या वळवाच्या पावसात वाहतो. वेळेच्या रकान्यापुरती काळी पाटी ठोका आणि खडू दोरीनं बांधून ठेवा. न बांधलेला खडू पोरं नेतात.