खुबा मोडलेल्या सासूबाईंना अर्धाच सांधा का?

लीड्सची_सून:
2014 मध्ये सासूबाई इथे इंग्लंडमध्ये घरातच घसरल्या आणि खुबा मोडला. वय 81. आदल्या दिवशी एकट्या बाजारात जाऊन आल्या होत्या, हातात काठीसुद्धा नव्हती. अर्धा सांधा बसवला, म्हणजे फक्त मांडीच्या हाडाचा गोळा बदलला, वाटी आहे तीच. पूर्ण सांध्याचं विचारलं तर उत्तर मिळालं, "या वयात त्याची गरज नसते."

तेव्हा नाइस या, इथल्या सरकारी आरोग्यसेवेला उपचारांच्या सूचना देणाऱ्या संस्थेची 2011 ची सूचना लागू होती. सांध्याच्या आत हाड मोडून सरकलं असेल, माणूस आधी घराबाहेर स्वतःचा स्वतः चालत असेल (फार तर एक काठी), स्मृती शाबूत असेल आणि तब्येतीला शस्त्रक्रिया सोसणार असेल, तर पूर्ण सांधा द्यावा. वयाची अट त्यात नव्हतीच. 2016 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये देशभरच्या नोंदींचा अभ्यास आला: निकषात बसणाऱ्यांपैकी जेमतेम 32 टक्क्यांना पूर्ण सांधा मिळाला. वय जास्त किंवा वस्ती गरीब असली की संधी आणखी कमी. एकाच सरकारी सेवेत हे चालतं, याचा मला अजून संताप येतो.

अस्थिरोग_सांगली:
ताई, तुमचा त्रास समजतो, पण अर्धा सांधा म्हणजे अर्धी सेवा नव्हे. 2019 मध्ये हेल्थ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, 10 देशांतले जवळपास 1500 रुग्ण. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण पूर्ण सांध्यात 7.9 टक्के, अर्ध्यात 8.3. म्हणजे फरक नाहीच. चालण्या-फिरण्यात थोडा फायदा दिसला, तोही किरकोळ. शिवाय पूर्ण सांधा निखळण्याची भीती जास्त, शस्त्रक्रियेला वेळही जास्त. म्हणूनच 2023 मध्ये नाइसने 'द्यावा' बदलून 'विचार करावा' केलं. मी स्वतः 80 च्या पुढे बहुतेकांना बायपोलरच, म्हणजे अर्ध्या सांध्याचाच एक प्रकार, बसवतो.

लीड्सची_सून:
डॉक्टर, चाचणी मान्य. पण त्याच 2016 च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे: ज्यांना पूर्ण सांधा मिळाला त्यांतले 42 टक्के निकषात बसतच नव्हते. फायदा किरकोळच, तर मग त्यांना कशासाठी दिला? आणि रुग्णालयागणिक एवढा फरक का? तुम्ही 80 च्या पुढे बायपोलर म्हणता ते रुग्ण बघून, की जन्मतारीख बघून?

अस्थिरोग_सांगली:
रुग्ण बघूनच. पण 42 टक्क्यांवर माझ्याकडे उत्तर नाही, ते चुकलंच. रुग्णालयांतल्या फरकाचं एक कारण सांगतो: पूर्ण सांधा नियमित बसवणारा सर्जन प्रत्येक दिवशी ड्यूटीवर नसतो. त्याची वाट बघत म्हातारं माणूस दोन दिवस खाटेवर पडून राहिलं, तर छातीत कफ, बेडसोर, सगळं सुरू होतं. दाखल झाल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया, हेही नाइसच सांगते. मी वेळेला आधी धरेन.

बीडचा_पुतण्या:
तुमचं दोघांचं वाचून पोटात कालवलं. आमच्या काकूला कुठला सांधा हा प्रश्नच आला नाही. पडल्यावर आधी हाड बसवणाऱ्याकडे नेलं, मग तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. मग रक्त कमी, फिटनेस मिळेना, कार्डावरचं नाव जुळेना. नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानमध्ये घेतलंय, चांगलंच झालं, पण ते नऊ दिवस कार्डाने कसे वाचणार? डॉक्टरांचं बरोबर आहे, आधी वेळ.

लीड्सची_सून:
दादा, काकूंचं ऐकून वाईट वाटलं. पण वेळ की सांधा अशी निवड आम्ही नातेवाइकांनी का करायची? तो सर्जन शनिवारीही हवा, एवढंच मागतेय. सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. बाजारात एकट्या पुन्हा गेल्या नाहीत. पूर्ण सांध्याने गेल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. विचारायला हवं होतं त्यांना. त्यांना कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

अस्थिरोग_सांगली:
हे मात्र पटलं. उद्या माझ्याकडे 78 वर्षांच्या आजी आहेत, रोज मंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्या. कागद त्यांच्या मुलाशी बोलून झालेत. सकाळी आधी आजींशी बोलतो.