नारळी पौर्णिमेला बंदर जेटीवर करवंट्यांसाठी पिंपं हवीत

नारळी पौर्णिमेच्या तयारीचा विषय मालवण नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत घ्यावा, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. त्यात एक भर घालते. 31 जुलैला मासेमारीबंदी संपली की मालवण बंदर गजबजतं: जाळी, बर्फाच्या गाड्या, आणि त्यातच सण. मानाचा नारळ समुद्राला अर्पण झाला की नारळ लढवायला, म्हणजे नारळावर नारळ आपटून फोडायच्या खेळाला, अख्खा गाव जमतो. संध्याकाळी वाळूत फुटक्या करवंट्या पसरलेल्या असतात आणि पोरं अनवाणी धावतात. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा तळवा चिरला, चार टाके पडले. करवंट्यांसाठी वेगळी पिंपं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच सफाई, एवढं ठरावात लिहून घ्याच. महिलांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धेजवळ तात्पुरतं शौचालयही हवं. आमच्या वाडीतल्या पाचजणी पिंपांपाशी उभ्या राहायला तयार आहेत.