मदत हवी आहे: कॅलिब्रेशननंतर गडद भागात गुलाबी झाक आणि लाल रंग भडक

प्रश्न

27 इंची आयपीएस मॉनिटर (पी३ या रुंद गॅमटचा, म्हणजे रंगांच्या पट्ट्याचा, सुमारे 95 टक्के भाग दाखवणारा), विंडोज 11, एचडीएमआय केबल. कलरिमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) लावून डिस्प्लेकॅल या सॉफ्टवेअरमध्ये 6500 केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा 2.2 (मधल्या छटांचा उजेड), 120 निट्सवर (ब्राइटनेस) कॅलिब्रेट केला, म्हणजे रंग मोजून जुळवले. तीन अडचणी आहेत. राखाडी पट्टीच्या गडद टोकाला गुलाबी झाक दिसते. पीसी स्लीपमधून उठला की सगळं निळसर होतं. पैठणीचा एकच जेपीईजी एडिटरमध्ये बरोबर दिसतो, पण साध्या व्ह्यूअरमध्ये पदराचा लाल डोळ्यांत खुपतो. कलरिमीटर खराब आहे का?

प्रतिसाद १

कलरिमीटरला लगेच दोष देऊ नका. स्लीपचं सोपं आहे. कॅलिब्रेशनची वक्ररेषा (रंगांची दुरुस्ती) ग्राफिक्स कार्डात चढवलेली असते, स्लीपमध्ये ती पुसली जाते आणि लोडर या छोट्या प्रोग्रॅमने ती परत चढवायची असते. विंडोजचा, कलरिमीटरसोबत आलेला आणि डिस्प्लेकॅलचा असे दोन-तीन लोडर एकदम चालू असतील तर ते एकमेकांवर कुरघोडी करतात. एकच ठेवा, बाकीचे स्टार्टअपमधून काढा. विंडोजमधले नाइट लाइट आणि एचडीआर बंद हवेत.

प्रतिसाद २

गुलाबी झाक बहुधा वक्ररेषा फार वाकल्यामुळे येते. मॉनिटरचा मूळ पांढरा निळसर असेल आणि तो सॉफ्टवेअरनेच ओढून 6500 वर आणला, तर निळ्याच्या 256 पायऱ्यांतल्या बऱ्याच वाया जातात. मग गडद राखाडीत लाल, हिरवा, निळा एका रेषेत राहत नाहीत. म्हणून हे काम आधी मॉनिटरच्या मेनूत करा: 'यूजर' मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, 30 मिनिटं गरम होऊ द्या, मग मोजत मोजत निळा आणि हिरवा गेन (त्या रंगाचा जोर) खाली आणा. कुठलाही गेन 100 च्या वर नेऊ नका, पांढऱ्याजवळचे तपशील जातात. त्यानंतरच प्रोफाइल (मॉनिटर रंग कसे दाखवतो याची फाइल) बनवा, मोजणीचा वेग 'स्लो' ठेवा, कारण गडद छटांची मोजणी घाईत चुकते. खोलीतला दिवाही बंद करा.

एक तपासणी राहिली. पांढराही गुलाबी किंवा हिरवट दिसतो का? तसं असेल तर करेक्शन (पॅनलचा प्रकाश कुठल्या प्रकारचा आहे हे कलरिमीटरला सांगणारी सेटिंग) चुकीचं निवडलंय. अशा रुंद गॅमटच्या पॅनलला बऱ्याचदा 'पीएफएस फॉस्फर' लागतं, साधं 'व्हाइट एलईडी' नाही. पॅनल कुठलं आहे ते आधी बघून घ्या.

प्रतिसाद ३

लालचं कारण वेगळं आहे. तिथे कॅलिब्रेशन बिघडलेलं नाही. वक्ररेषा फक्त राखाडी आणि गॅमा सांभाळते, गॅमट आवळत नाही. प्रोफाइल न वाचणारा व्ह्यूअर एसआरजीबीचा (फोटो आणि वेबसाठीचा नेहमीचा, अरुंद गॅमट) 255, 0, 0, म्हणजे पूर्ण लाल, थेट पॅनलच्या सगळ्यात कडक लालवर नेऊन ठेवतो. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:कॉन्फिग' उघडून 'जीएफएक्स.कलर_मॅनेजमेंट.मोड' 2 वरून 1 करा, म्हणजे प्रोफाइलचा टॅग नसलेली चित्रंही सांभाळली जातील. फोटो एक्सपोर्ट करताना एसआरजीबीत कन्व्हर्ट करून प्रोफाइल एम्बेड करा. मॉनिटरचा एसआरजीबी मोड वापरायचा असेल तर त्याचं वेगळं प्रोफाइल बनवा. त्या मोडमध्ये बऱ्याच मॉनिटरचा ब्राइटनेस अडकलेला असतो, हेही बघा.

प्रश्नकर्ता

निळा गेन 91, हिरवा 97 वर आणून पुन्हा प्रोफाइल केलं. झाक गेली, पांढरा स्वच्छ आहे. एक लोडर ठेवल्यावर स्लीपचाही त्रास नाही. आता प्रिंट मात्र स्क्रीनपेक्षा गडद येतात.

प्रतिसाद २

संध्याकाळच्या मंद उजेडात 120 निट्स जास्त होतात, म्हणून शेजारी प्रिंट गडद वाटते. 90 वर आणा. प्रोफाइल त्या ब्राइटनेसला पुन्हा बनवा आणि प्रिंट नेहमी एकाच दिव्याखाली धरून बघा.